उलटा चढवलेला रोल

सोमवार, ४ मार्च

प्रयोगाच्या नोंदी संगणकात जातात. तिथे मत लिहायचं नसतं. मतं इथे.

आज बशा स्वच्छ निघाल्या. साध्या प्लॅस्टिकच्या फिल्मखाली जिवाणूंचे पिवळे ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत वाढले होते. लेप दिलेल्या फिल्मखाली काहीच नव्हतं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

लेप म्हणजे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान, चिकट द्रावात घोळवून फिल्मच्या एकाच बाजूला पसरलेले. पिशवी करताना ती बाजू आत घ्यायची. पदार्थाला लागून राहते आणि जिवाणूंना वाढू देत नाही.

ताईला बोलावून बशा दाखवल्या. तिने एक उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"काहीच नाहीये यात."

"तेच तर."

"वर्षभर राबून मला रिकामी बशी दाखवतेस? शास्त्रज्ञबाई, रिकाम्या बशा घरी सिंकमध्ये पुष्कळ असतात."

मग ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा एकदा बशी पाहिली. तिला आनंद झाला की ती अशी दोनदा पाहते.

कारखाना बाबांचा. फिल्म आणि पिशव्या. त्यांचा उजवा भाग लुळा पडला तेव्हा ताईने कॉलेज सोडलं आणि त्यांच्या खुर्चीत बसली. मी शिकत राहिले. यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही. माझ्या मते ते बरंच आहे.

गुरुवार, ७ मार्च

सीलची अडचण. लेप मध्ये आला की फिल्मच्या दोन कडा नीट वितळून एकजीव होत नाहीत. माझ्या नमुन्याच्या पिशव्या बोटांनी उघडतात. सीलिंग मशीनवरचे मामा (कोणाचेच मामा नाहीत, सगळे म्हणतात) वैतागले आहेत. "धाकट्या बाई, हे सील आहे का पापणी? फुंकर मारली तर उघडतंय." तापमान वाढवून पाहिलं, फिल्म सुरकुतते.

दुपारी ताईने बातमी आणली. गिऱ्हाईक मिळालंय. चावता किंवा नीट गिळता न येणाऱ्या रुग्णांसाठी फळांचा गर पिशवीत भरून विकणारी कंपनी. रुग्णालयांना जातो, घरोघरीही जातो. गर लवकर आंबतो, त्यांना आपल्यासारखाच लेप हवाय.

मी म्हटलं, छान, पण फळांचा गर आंबट असतो. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. पाण्यात टिकलेला लेप संत्र्याच्या गरात टिकेलच असं नाही. त्यातलं किती जस्त, म्हणजे झिंक, गरात उतरतं ते बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून घ्यावं लागेल. मर्यादेच्या वर गेलं तर विषय संपला.

"तुझं एक तरी वाक्य 'पण'शिवाय संपतं का गं?"

"पण हे महत्त्वाचं आहे."

ती हसली. मलाही हसू आलं, उशिरा.

रविवार, १० मार्च

ताईने सफरचंदं शिजवून गर केला आणि लेपाच्या पिशव्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला. किती दिवस टिकतो बघू म्हणाली. संध्याकाळी त्यातली एक बाबांना भरवली. मी आधी विचार केला. सफरचंद त्यातल्या त्यात सौम्य, पिशवी सकाळचीच, एकदाच. हरकत घेतली नाही.

"बाबा, तुमच्या धाकटीची पिशवी बरं का. पेटंटवाली."

"अजून पेटंट नाही," मी म्हटलं.

"होईल. तोंड उघडा."

बाबा अर्ध्या तोंडाने हसले. ताई भरवताना स्वतःचंही तोंड किंचित उघडते, हे तिला माहीत नाही.

बुधवार, १३ मार्च

पिशवीत पातळ व्हिनेगर भरून उबेला ठेवलं होतं. आज त्यात रंगद्राव घातला. जस्त नसेल तर हिरवा राहतो, असेल तर लालसर होतो. लाल झाला. किती ते या चाचणीत कळत नाही. पण लगेच झाला, आणि गडद.

ताईला सांगितलं. वाटलं होतं वैतागेल. ती शांतपणे ऐकत होती. प्रश्नही नेमके विचारले.

"लेप गराला लागतो म्हणूनच सुटतो ना?"

"हो. लागला नाही तर सुटणारही नाही आणि उपयोगही होणार नाही."

"म्हणजे लग्नासारखंच."

तिचं लग्न मोडलं त्याला बरीच वर्षं झाली. असे विनोद ती स्वतःच करते, म्हणून आम्हाला करता येत नाहीत. पुढे म्हणाली, जिवाणूंची चाचणी आणि जस्ताची चाचणी एकाच पिशवीवर करतात की वेगवेगळ्या? मी म्हटलं, वेगवेगळ्या, दोन वेगळे खोके पाठवायचे. ती "अच्छा" म्हणाली. तिला कामातलं इतकं कळायला लागलंय याचं मला बरं वाटलं.

चिकट द्रावाचं प्रमाण वाढवून पाहणार. कण जास्त घट्ट धरून ठेवले तर कमी सुटतील. मोठी आशा नाही, पण कारण तर्काला धरून आहे.

सोमवार, १८ मार्च

नव्या द्रावाचे नमुने आज करायचे होते. नेमकी आज बाबांची डॉक्टरकडची वेळ होती. ताई म्हणाली, "यावेळी तू जा त्यांच्याबरोबर. मी गेले की डॉक्टर मला झापतात, तू गेलीस की तुझ्याशी इंग्रजीत बोलतात. पिशव्यांचं मी बघते. रोल चढवायचा, सील करायचं, खोक्यात घालायचं. एवढं येतं मला."

परत आले तोवर दोन्ही खोकी तयार होती. प्रत्येकातली एक पिशवी राखीव म्हणून माझ्या कपाटात ठेवली. जस्ताच्या चाचणीच्या पिशवीचं सील बोटांनी उघडेना. नखांनीही नाही. शेवटी कात्रीकडे हात गेला होता, पण राखीव नमुना म्हणून थांबले. नव्या द्रावामुळे सीलसुद्धा सुधारलं असावं.

मामांना म्हटलं, "सील अप्रतिम झालंय."

ते मशीन पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मोठ्या बाईंना सांगा. त्या उभ्या होत्या."

कौतुक केलं की हे लोक लाजतात.

रविवार, २४ मार्च

ताईने आज बाबांना सफरचंद ताजं कुस्करून वाटीतून दिलं. मागच्या रविवारीही वाटीच होती. पिशव्या फ्रिजमध्ये आहेत, मी विचारलं, त्या का नाही. "गार असतं ते. त्यांचे दात ठणकतात." ती अशा गोष्टींकडे लक्ष देते. मला सुचलं नसतं.

गुरुवार, २८ मार्च

दोन्ही अहवाल आले. जिवाणू: उत्तम. जस्त: आम्लातसुद्धा मर्यादेच्या खूप खाली. जवळजवळ नाहीच.

मी अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. माझा रंगद्राव इतका लाल झाला होता. द्रावाचं प्रमाण बदलल्याने फरक पडेल असं वाटलं होतं, पण इतका? स्वतःच्या यशावर शंका घेण्याची मला सवय आहे. ताई म्हणते हा रोग आहे.

तांत्रिक प्रमुख म्हणून मी अहवालांवर सही केली. ताईने मला मिठी मारली. मला अशा वेळी हात कुठे ठेवायचे कळत नाही. मी कोट टांगायच्या खुंटीसारखी उभी राहिले. तिच्या केसांना फिल्मचा वास येत होता, गरम प्लॅस्टिकचा. लहानपणी बाबांच्या शर्टाला यायचा तो.

बुधवार, ३ एप्रिल

क्रमाने लिहिते.

पहिल्या मागणीच्या पिशव्या मशीनवरून उतरायला लागल्या. द्राव तोच, प्रमाण तेच. सील ओढून पाहिलं. बोटांनी उघडलं.

मामांना तापमान विचारलं. नेहमीचं. फिल्मची जाडी मोजली. नेहमीची.

कपाटातली राखीव पिशवी काढली. तिचं सील अजूनही उघडत नाही. मग लेप कुठे आहे ते पाहिलं. सोपं आहे, पाण्याचा थेंब टाकायचा. साध्या प्लॅस्टिकवर थेंब मण्यासारखा उभा राहतो, लेपावर पसरतो.

पिशवी कापली. आतल्या बाजूवर थेंब टाकला. उभा राहिला. बाहेरच्या बाजूवर पसरला.

लेप बाहेर होता. प्रयोगशाळेने आत आम्ल भरलं, ते साध्या प्लॅस्टिकला लागलं, आणि जस्त मिळालं नाही. मिळणार कुठून.

जिवाणूंच्या खोक्यातली राखीव पिशवीही कापली. तिच्यात लेप आत आहे. बरोबर.

रोल मशीनवर चुकून उलटा चढतो, वर्षातून एकदोनदा. पण ही चूक जिथे उपयोगी होती तिथेच झाली. चूक असं निवडत नाही.

हात धुतले. पुन्हा धुतले. मग ताईच्या खोलीच्या दारावरून गेले. ती फोनवर हसत होती.

गुरुवार, ४ एप्रिल

मामांना चहाच्या वेळी बाजूला घेतलं. मला अजून वाटत होतं की ते म्हणतील, चुकलं हो बाई. मी तयारी केली होती, रागावायचं नाही असं ठरवलं होतं.

"त्या दिवशी रोल उलटा चढला होता का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "चढला नव्हता. चढवला होता. एका खोक्यापुरता."

"कोणी सांगितलं?"

"असं काय विचारता? मी मोठ्या बाईंना दोनदा विचारलं, अहो, उलटा होतोय. त्या म्हणाल्या, चाचणीला तसाच लागतो, धाकटीनेच सांगितलंय."

मी माझा कप खाली ठेवला.

"तुम्ही नव्हतं सांगितलं?"

"चहा घ्या मामा," मी म्हटलं. "गार होतोय."

शुक्रवार, ५ एप्रिल

दुपारी ताईच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"रोल उलटा का चढवलास?"

"कुठला?"

"ताई."

तिने पेन खाली ठेवलं. "बस."

"नको."

"बरं, उभी राहा. शाळेतही अशीच उभी राहायचीस, शिक्षा दुसऱ्याला झाली तरी." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मग झालं तर. म्हणून नाही विचारलं."

"माझं नाव सांगितलंस मामांना."

"माझ्या सांगण्यावर त्यांनी रोल उलटा चढवला नसता. विश्वास तुझ्यावर आहे त्यांचा." हे तिने कौतुक केल्यासारखं म्हटलं.

"सही माझी आहे."

"आणि कारखाना? तो कोणाचा आहे? दोन जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली तेव्हा तू बशांत ठिपके शोधत होतीस. हे तिसरं मिळालंय. एवढंसं जस्त! लोक विकत घेऊन गोळ्या खातात जस्ताच्या."

"या लोकांना दुसरं खाता येत नाही. रोज, तिन्ही वेळा, महिनोन्महिने हेच. ते तुला माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे. मागणी एकदा जाऊ दे. मग कर तुझा लेप हवा तसा घट्ट. मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग बाबांना का देत नाहीस?"

हे मी ठरवून विचारलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग मलाच कळलं मी काय विचारलंय.

ती म्हणाली, "गार असतं..."

"फ्रिजमधून आधी काढून ठेवता येतं."

तिने पेनाचं टोपण लावलं. काढलं. लावलं. "बाबांना मध्ये आणू नकोस," ती म्हणाली.

तिने माझ्यासाठी कॉलेज सोडलं, हे ती अजूनही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला रागावणं सोपं गेलं असतं. मी सोमवारी गिऱ्हाइकाला कळवणार, असं सांगून बाहेर आले. तिला आधी सांगणं योग्य वाटलं.

सोमवार, ८ एप्रिल

गर कंपनीच्या खरेदीच्या मॅडमना फोन केला. काय बोलायचं ते समोर लिहून ठेवलं होतं. पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "हो हो, तुमच्या ताईंचा फोन आला होता सकाळीच."

मला क्षणभर वाटलं, तिने स्वतःच सांगून टाकलं. खरंच वाटलं. किती हलकं वाटलं तेही लिहून ठेवते, कारण तो मूर्खपणा माझा आहे.

"त्या म्हणाल्या, वडिलांच्या आजारपणाने तुमची फार ओढाताण झालीय. आपल्याच कामावर शंका घेता, झोप नाही. फोन आला तर समजून घ्या म्हणाल्या. किती जीव आहे हो तुमच्यावर! तुम्ही काही काळजी करू नका. अहवाल बाहेरच्या प्रयोगशाळेचा आहे. आराम करा."

"मॅडम, मी थकलेली नाही."

"थकलेलं माणूस असंच म्हणतं," त्या म्हणाल्या. प्रेमाने.

फोन ठेवला. रोल उलटा चढवला त्याचा हिशेब मला लागतो. तिला मागणी हवी होती, मी आडवी येणार होते. पण मला वेडी ठरवायला तिने माझाच रोग वापरला. स्वतःवर शंका घेण्याचा. तो फक्त तिला माहीत होता.

मंगळवार, ९ एप्रिल

न कळवता गेले. मॅडम उंच, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, आणि माझ्याकडे बघताना आवाज खाली आणणाऱ्या. मी बसायच्या आधी त्यांनी पाणी मागवलं.

पाणी बरं झालं. जस्ताच्या खोक्यातली कापलेली राखीव पिशवी आणि चालू मागणीची एक उघडलेली पिशवी टेबलावर ठेवली आणि ग्लास पुढे सरकवून म्हटलं, "मॅडम, आतल्या बाजूवर थेंब तुम्हीच टाका. माझा हात नको."

त्यांनी टाकले. एक उभा राहिला, एक पसरला. त्यांनी चष्मा लावला. पिशवी उलटवून पुन्हा टाकले. मी काय, कशामुळे ते सांगितलं. लहान वाक्यांत सांगितलं. आवाज कापला नाही, त्याकडे लक्ष ठेवलं होतं.

"म्हणजे हा अहवाल खोटा?"

"अहवाल खरा आहे. पिशवी खोटी आहे."

"आणि सही?"

"माझी."

त्यांनी दोन्ही पिशव्या आपल्याकडे ओढल्या. "तुमच्या गोदामातून मी स्वतः पिशव्या उचलेन. कुठल्या ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता. तो मला जास्त आवडला.

शुक्रवार, १९ एप्रिल

त्यांच्या तपासणीत जस्त मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मागणी रद्द. एकही पिशवी गर भरून बाहेर गेलेली नव्हती. हे मी दोनदा विचारून खात्री केली.

सीलिंग मशीन बंद. मामा शेजारी स्टुलावर बसून होते. मला बघून म्हणाले, "धाकट्या बाई, आता रोल कसाही चढवा. चालतंय." मग म्हणाले, "तसं नाही म्हणायचं होतं मला." मी म्हटलं, म्हणालात ते बरोबर आहे.

ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. "किल्ली." "दार लाव." भांडण झालं असतं तर काहीतरी संपलं असतं.

ज्यांनी जवळच्या माणसाकडून मार खाल्लाय ते म्हणतात, मला आधीच कळायला हवं होतं. मला आधीच कळायला हवं होतं. सील, वाटी, "वेगवेगळ्या पिशव्यांवर करतात का." मी मागची पानं वाचली. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, आणि प्रत्येक ठिकाणी मी तिचं कौतुक केलंय.

रविवार, २१ एप्रिल

बाबांना अंघोळीनंतर खुर्चीतून पलंगावर घ्यायचं. मी डावीकडून, ताई उजवीकडून. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, दोघींनीही काढली नाहीत. काढली असती तर बाबा पडले असते.

ताई टॉवेल वाळत घालायला बाहेर गेली तेव्हा बाबांनी मला खूण करून जवळ बसवलं. बोलायला त्यांना वेळ लागतो. मी थांबते, शब्द पुरवत नाही.

"ताईने... सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुझी... चाचणी चुकली. मागणी गेली." त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "होतं गं. माझेही... रोल वाया गेलेत. तिने सांभाळून घेतलं ना?"

ताई दारात परत आली होती. हातात रिकामी बादली. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनी काही मागितलं असतं तर मी दिलं नसतं, हे नक्की. तिने काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली, शिक्षा झाल्यासारखी.

बाबा वाट बघत होते. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "सांभाळलं ना तिने?"

मी म्हटलं, "हो बाबा. सांभाळलं."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. ताईने बादली खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू.

आजवर मी एकही निकाल बदलून सांगितला नव्हता.